तिसऱ्या मशीनवरचा जोडीदार

१७ ऑगस्ट २००२, शनिवार, दुपारचे सव्वातीन. वेळ आधी नोंदवते, कारण बाकीच्या नोंदींबद्दल मला तेवढी खात्री नाही. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी; असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही तो शब्द मी जपूनच वापरते.

इंदूरला पलासियात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, मी आणि माझा वर्गमित्र विवेक कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. क्लास रिकामा पाहून त्या दिवशी आम्ही तीन नव्या मशीन्सवर डॉसच्या काळातला रणगाड्यांचा एक गेम नेटवर्कवर लावला. तो सियागंजमधून भंगारात घेतलेल्या एका हार्ड डिस्कवर सापडला होता – माझ्या बाबांच्या बंद पडलेल्या मिलच्या ऑफिसातली डिस्क. नव्या विंडोजला त्याचा जुना प्रोटोकॉल वेगळा घालावा लागला. या गेममध्ये कॉम्प्युटर स्वतः खेळत नाही. माणूस उठला की त्याचा रणगाडा जागीच थांबतो.

आम्ही दोघे खेळत होतो. तिसरी खुर्ची रिकामी होती.

“अगं, तिसरा कौन चला रहा है?” विवेक म्हणाला.

“कोणी नाही. कळ अडकली असेल.”

मी कीबोर्ड उचलून उलटा धरला, झटकला. रणगाडा चालतच राहिला. आमच्यावर एकही गोळा न टाकता तो नकाशावरच्या चार चौक्यांपुढून फेऱ्या मारत होता आणि तिसरीपाशी प्रत्येक वेळी जास्त थांबत होता.

बाबा क्लासच्या दारात उभे होते; त्यांना घरी एकटं ठेवायला नको म्हणून मी दुपारी सोबत आणत असे. ते मिलमध्ये विणकर, चार माग – लूम – सांभाळायचे. पुढच्या शिफ्टचा जोडीदार येईपर्यंत चालू माग सोडायचा नाही, ही तिथली रीत. मिल बंद झाली ती नेमकी शिफ्ट बदलताना: बाबा कामावर चढायला डबा घेऊन गेटबाहेर, त्यांची वाट पाहत मागावर उभे असलेले जोडीदार दिनकरकाका आत. गेट उघडलंच नाही. पुढे काका वारले, आणि बाबा रोज दुपारी त्याच वेळी चपला घालून दारात उभे राहू लागले. हाक मारली तरी ऐकू जात नसे. आई नाही. मला बंगलोरला संशोधनासाठी प्रवेश मिळाला होता. त्यांना या अवस्थेत सोडून जायचं कसं, हे मला सुचत नव्हतं.

त्या दिवशी मात्र ते चालत आत आले.

“हा दिनकर आहे.”

“बाबा, काका जाऊन किती वर्षं झाली...”

“तिसऱ्या लूमपाशी थांबतोय बघ. तिथला धागा सारखा तुटायचा.” ते खुर्चीत बसले. “जा रे आता घरी. खूप उभं ठेवलं तुला.”

रणगाडा थांबला. मग बाबांनी – ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता – तो चालवायला घेतला. चार चौक्या. तिसरीपाशी थांबून.

संध्याकाळ झाली तरी ते उठेनात.

“काका, पोहे मागवू? गरम आहेत, जिरावन मसाला डालके,” विवेक म्हणाला.

“मशीनवर खात नाहीत.”

“तो उठिए ना, काका!”

“जोडीदार आल्याशिवाय?”

विवेकने स्विचकडे हात नेताच बाबा असे ओरडले की खालून कंपाउंडर वर आला. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही.

“सरका बाबा. मी आले.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मुलीकडे पाहावं तसं नव्हे. “तिसऱ्यावर लक्ष ठेव,” म्हणाले, आणि उठले. मी त्यांच्या जागी बसले. विवेक त्यांना घरी घेऊन गेला. त्या रात्री ते पोटभर जेवले. नंतर कधीच दारात उभे राहिले नाहीत, आणि मी बंगलोरला जाऊ शकले.

प्रोग्राममधला दोष, खराब डिस्क, बाबांचं मन – प्रत्येक कारण मी तपासलं आहे. एकही सगळ्याला पुरत नाही.

कारण त्या संध्याकाळी बाबा घरी गेल्यावर मी बसल्या जागेवरूनच उरलेली दोन्ही मशीन्स बंद केली, माझ्यापुढच्या तिसऱ्या मशीनची नेटवर्क केबल उपटली, आणि तरी खुर्चीतच बसून राहिले. उठता येत नव्हतं असं नाही. उठणं बरोबर नाही असं वाटत होतं – हे नेमकं सांगायला हवं. बोटं फेऱ्या मारत होती. किती वेळ, ते नोंदवलेलं नाही. मग पडद्यावर एकवर आलेला जोडलेल्या खेळाडूंचा आकडा बदलला. केबल माझ्या मांडीवर होती. मी हात काढून घेतले, रणगाडा चालतच राहिला, आणि मी उठले.

जोडलेले खेळाडू : २.