खुर्ची धरून उभ्या राहणाऱ्या बाई

सौंसरला आमच्या समोर एक निवृत्त शिक्षिका राहतात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी ओसरीत खुर्ची धरून त्या एका पायावर उभ्या राहतात आणि पायालाच दटावतात, "सरळ राय! कुठी पाहून राहिला?" मला हसू यायचं.

मग माझ्या आईचंही खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुन्हा पडायच्या धास्तीनं ती पलंग सोडेना. परवा बाई काठी टेकत, पहिल्यांदाच एकट्या रस्ता ओलांडून, आमच्याकडे आल्या.

"ताई, मले का भेव नाई वाटत? वाटते. भेत भेतच उभं राहा लागते."

आई उठली. दोघी खिडकीचे गज धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आईनं एक हात सोडला.