मार्गारेटमावशींचं शेवटचं कॉलिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नागपूरच्या बहिणीला तर नाहीच. तुला सांगायला बसलेय खरी — पण जमेल का, माहीत नाही.

अमेरिकेत अल्फारेटाला आले तेव्हा व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. दिवस संपता संपत नसत. एकदा लायब्ररीत एका बाईंशी गप्पा झाल्या. काही वाजवतेस का, त्यांनी विचारलं. म्हटलं, पेटी. त्या मार्गारेट — सत्तरीच्या, मूळच्या स्कॉटलंडच्या. मला घरी नेऊन त्यांनी गेलेल्या नवऱ्याचा अकॉर्डियन माझ्या गळ्यात अडकवला.

त्यांचा केली बँड होता. ‘काय केली?’ असंच मी आधी विचारलं होतं. केली म्हणजे स्कॉटिश लोकांचा सगळ्यांनी मिळून नाचायचा कार्यक्रम. बँडमधला इयन फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा, मी अकॉर्डियन, आणि मार्गारेट माइकवरून पुढची स्टेप सांगायच्या. त्याला कॉलिंग म्हणतात. दर रविवारी दुपारी त्यांच्या गराजमध्ये प्रॅक्टिस. मी चिवडा न्यायचे, त्या तो चमच्याने खायच्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले, तर त्याचा अर्थ त्या भेटेल त्याला सांगत सुटल्या. इतकं हसणं पुन्हा कधी वाट्याला आलं? नाही आठवत.

मग ती शनिवारची दुपार. चर्चचा हॉल भरलेला. धुनेचा प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, पावलं त्यावरच बेतलेली. माझा नवरा पहिल्यांदाच नाचायला उतरला होता. त्याच्याकडे बघता बघता एक भाग मी एकदाच वाजवला — आणि पुढे गेले. इयननेही माझ्यामागोमाग पुढचा भाग धरला. मावशी बरोबरच सांगत होत्या, पण निम्मे लोक त्यांचं ऐकत होते, निम्मे आमचं. नाचणाऱ्यांचा एक गोल दुसऱ्यावर आदळला, एक आजोबा चक्क खाली बसले. लागलं कुणालाच नाही. मावशी माइकवर म्हणाल्या, “सॉरी, मोजताना चुकले मी.”

मी पुढची धून सुरू केली.

सामान गाडीत ठेवताना त्या माझ्यापाशी आल्या. त्यांच्या आईची म्हातारपणी स्मृती गेली होती, ती शेवटी पोटच्या लेकीलाही ओळखेना — हे त्यांनीच मला सांगितलेलं.

“तू ऐकत होतीस ना? खरं सांग, मीच चुकले का?”

इयन दुसरा अकॉर्डियनवाला शोधतोय, असं माझ्या कानावर आलं होतं. तो चार पावलांवर उभा होता.

“हो मावशी,” मी म्हणाले. “आणि — हल्ली एकदोनदा झालंय असं.”

ते दुसरं वाक्य कुणी मागितलं होतं?

त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या रविवारी कॉलिंगची वही माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हटलं, पण त्यांना ते पटलं नाही. त्यांनी ड्रायव्हिंग सोडलं. वर्षभरात घर विकून मुलीकडे पार्सिपनीला गेल्या. फोनवर मध्येच थांबून विचारायच्या, “हे तुला आधी सांगितलंय का गं मी?” सांगितलेलं नसायचं. इतकी वर्षं दर फोनला मला संधी होती.

गेल्या मार्चमध्ये त्या गेल्या. त्यांच्या मुलीने कळवलं, शेवटच्या आठवड्यातही आईला सगळं लख्ख आठवत होतं.

मावशी चुकल्या नव्हत्या. मी चुकले होते, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं.