आंबलं का चमकलं?

प्रयागबाईच्या मते अख्ख्या नागपुरात शहाणी माणसं साडेतीन. एक ती स्वतः, दुसरी तिची मेलेली आई, तिसरी अंगणातली बकरी. उरलेलं अर्धं कोण, ते ती कधी सांगत नसे. गल्लीतल्या प्रत्येकाला वाटायचं, आपणच असू. ते नव्हतेच. बाकी सगळे भैताड, असा तिचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाताना कोष्ट्यांची गल्ली लागायची. घराघरात माग, दिवसभर खटखट. गिरणीच्या कापडानं कोष्ट्यांचं कंबरडं मोडत आणलं होतं, तरी रेशीमकाठी लुगडी अजून त्याच गल्लीत विणली जायची. तिथे प्रयागबाई बाळंतिणींना चोळायची, शेकायची, लेकरांना न्हाऊ घालायची. तीस वर्षं हेच काम. जवसाच्या तेलाचा वास तिच्या लुगड्यातून सात धुण्यांनीही जात नसे. आणि अंगठे असे की पाठीवरून फिरले, म्हणजे बाई काल पाण्याचे किती हंडे वाहून आली तेही सांगतील.

तिची सगळी वैद्यकी एका प्रश्नात होती. दुखतं म्हणून कोणी कण्हलं, की ती विचारायची, "आंबलं का चमकलं?"

आंबणं म्हणजे कष्टानं अंग जड होणं, सगळीकडून ठणकणं. काल फार दळलं, आज दंड आंबले. अशा बाईला ती झोपू देत नसे. "ऊठ, चार पावलं चाल, मूठभर दळ, ऊन पानी घे. पडून राहशील तं लाकूड होशील." चमकणं वेगळं. एकाच जागी, हात वळवला की सुरी फिरावी तशी कळ. तिथे मात्र ती राणीलाही उठू देत नसे. "आंबलं अंग चालवा, चमकलं अंग निजवा," असं ती म्हणायची. "इतकं तं माह्या बकरीलेही समजते."

बकरीला समजत होतं, परसामागच्या आखाड्याला समजत नव्हतं.

आखाडा आणि तिचं परस यांच्यामध्ये नुसती कुडाची भिंत. पलीकडे वस्ताद मारोतराव वीस पोट्ट्यांना घेऊन पहाटेपासून आरडाओरडा करायचा. त्याचंही शास्त्र एकच होतं, "दुखलं तं दुप्पट!" काल दोनशे बैठकांनी मांड्या भरून आल्या? आज चारशे मार. मनगट सुजलं? आज मुद्गल फिरव. "दुखनं म्हनजे मर्दाची हळद," तो म्हणायचा. "अंगाले लागलीच पाहिजे." आणि हे सांगताना त्याचं स्वतःचं पोट लंगोटाच्या गाठीवरून खाली लोंबत असायचं.

"यानं शेवटची बैठक कधी मारली वं?" प्रयागबाई भिंतीअलीकडून बकरीला विचारायची, पण आवाज भिंतीपलीकडे जाईल इतका. "जेवाले बसला तेव्हा!"

पोट्टे माती तोंडात जाईस्तोवर हसायचे. मारोतराव खाकरायचा.

हे सगळं गमतीवारी गेलं असतं. पण त्या वीस जणांत तिचा जावई होता.

प्रयागबाईला गोपिका ही एकच लेक. तिचा नवरा ताराचंद शेजारच्याच खोलीत माग टाकून बसलेला. हाताचा सरळ, बोलायला कमी, आणि सासूच्या मते डोक्यानं त्याहून कमी. पण सासू-जावयाची मर्यादा कडक. ती त्याच्यासमोर पदर पुढे ओढायची, थेट बोलायची नाही, आणि अंगाला हात लावणं तर दूरच. जे सांगायचं ते गोपिकेच्या तोंडून, नाही तर बकरीच्या निमित्तानं. "बकरे वं, काही लोकायले दिवा लागेपर्यंत निजाची सवय असते." झालं, जावयाला निरोप पोचला.

तीन वर्षांपूर्वी ताराचंद नवा नवा आखाड्यात जाऊ लागला, तेव्हाची गोष्ट. मारोतरावानं पहिल्याच दिवशी दीडशे बैठका काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्याला उंबरठा ओलांडता येईना. त्यानं बाज धरली ती तीन दिवस सोडली नाही. माग बंद. प्रयागबाईचं डोकं फिरलं. नुसतं आंबलेलं अंग, हलवलं असतं तर दीड दिवसात मोकळं झालं असतं! तिनं काय करावं? डिंकाचे लाडू वळले आणि पाच घरी वाटले. "घ्या वं बाई, आमचा जवाई बाळंत झाला."

गल्ली आठ दिवस हसली. पोट्टे वर्षभर विचारत होते, "भाऊ, पोरगं झालं का पोरगी?" ताराचंद चौथ्या दिवशी उठला तो उठलाच. त्यानंतर तापातही तो बाजेवर आडवा झाला नाही. प्रयागबाई म्हणाली, "पाहा, कसा सुधरला." आपल्या लाडवांचं कौतुक ती कितीतरी दिवस स्वतःशीच करत होती.

मग तीन वर्षांनी नागपंचमीच्या कुस्त्या ठरल्या. मारोतरावानं ताराचंदची जोड कामठीच्या रुपरावाशी लावली. हा रुपराव छावणीत दूध घालणारा, खांदे म्हशीसारखे. आठ-दहा दिवस उरले होते. मारोतरावानं "दुप्पट" सोडून "तिप्पट" धरलं. रोज शंभरदा धोबीपछाड. खांद्यावर माणूस घ्यायचा आणि पुढे आपटायचा.

एका दुपारी प्रयागबाई तांदूळ निवडत बसली होती आणि तिचा हात थांबला. शेजारच्या मागाची लय चुकत होती. लुगड्याचा पन्हा रुंद. उजव्या हातानं धोटा टाकायचा, डाव्यानं झेलायचा, मग उलट. गेली कित्येक वर्षं ती खटखट तिच्या कानाला श्वासासारखी सवयीची होती. आता एक खट जोरात, एक मरतुकडी. मध्येच धोटा खाली पडला. पुन्हा पडला.

"गोपिके, इकडे ये. विचार तुह्या नवऱ्याले, खांदा आंबला का चमकला?"

गोपिका गेली आणि आली. "आंबला म्हनते."

"नीट विचारलं का?"

"नीटच विचारलं, माय. आंबला म्हनते. फक्त जड झाला म्हनते."

आता बोला! आंबला, तर आंबल्याचा उपाय ठरलेला. "मंग बसू देऊ नको. हलका हलका चालू ठेव म्हना. हे तेल घे, चोळून दे." तेलाची वाटी गेली. पण प्रयागबाईच्या अंगठ्यांना चैन पडेना. तिच्या प्रश्नाला तीस वर्षांत कोणी खोटं उत्तर देऊ शकलं नव्हतं, कारण उत्तराच्या मागोमाग तिची बोटं जाऊन खरं-खोटं करायची. इथे बोटांना बंदी. जावयाचा खांदा तिच्या भिंतीपलीकडे चार हातांवर होता आणि तिला काशीइतका लांब.

दोन दिवसांनी गोपिका म्हणाली, "तेल लावू देत नाही मले. हात लावला का अंग चोरते."

तेव्हा मात्र प्रयागबाई उठली, पदर खोचला आणि कुडाच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. "मारोतराव! माह्या जवायाचा खांदा धड नाही. त्याले चार रोज सोडा."

"काहून? त्यानं सांगतलं?"

"मागानं सांगतलं."

मारोतराव पोट धरून हसला. "बाई, तुमी बाळंतिनी पाहा. पयलवानाच्या अंगातलं तुमाले काय समजते?"

"बाळंतीन लेकरू काढते गा. तुमी काय काढता? लोकायचे खांदे!"

वस्तादाचा चेहरा उतरला. वीस पोट्टे ऐकत होते. त्यानं सगळ्यांसमोर ताराचंदला हाक मारली, "काहून गा, दुखते का तुले? निजाचं आहे का?"

"नाही वस्ताद," ताराचंद म्हणाला. त्यानं भिंतीकडे पाहिलं नाही. "आंबलं फक्त."

"ऐकलं, बाई?"

ऐकलं. अर्थात ऐकलं. वीस जणांसमोर तिचाच शब्द तिच्या तोंडावर मारला होता. "मरा मंग!" ती फणकारली आणि परत फिरली. मेल्यांनो, तुम्हाला अंग देवानं दिलं ते वाया. तिचा राग दिवसभर उतरला नाही.

नागपंचमीला नागपुरात चुलीवर तवा चढत नाही. विळीला हात लावायचा नाही, काही चिरायचं नाही, जमिनीत कुदळ घालायची नाही. त्या दिवशी गल्लीतले मागही गप्प. आणि परसामागून ढोलकी वाजत होती. कामठीहून छावणीतले शिपाईसुद्धा कुस्त्या पाहायला आले होते.

"धरतीले आज आराम," प्रयागबाई बकरीला म्हणाली. "तव्याले आराम, विळीले आराम. अन् हे भैताड आजच एकमेकाचे हात पिरगाळून राहिले."

ढोलकी चढली. आरोळ्या उठल्या. मग एकदम सगळं थांबलं, आणि त्या शांततेत एकच आवाज आला. माणसाचा होता, पण गोपिकेलाही तो आपल्या नवऱ्याचा आहे हे कळायला क्षण लागला.

चौघांनी त्याला उचलून आणलं. बाजेवर ठेवलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. उजवा हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा बाजूला पडलेला. मागून मारोतराव धापा टाकत आला. "काही नाही, काही नाही! खांदा उतरला. एक झटका देतो का बसते. धरा रे त्याले!"

"हात लावशील तं बोटं मोडीन तुही!"

डोक्यावरचा पदर कधी पडला, प्रयागबाईला कळलं नाही. ती चौघांतून घुसली आणि जावयाच्या उशाशी बसली. दारात बायकांची गर्दी. सासूनं जावयाच्या उघड्या अंगाला हात घातला हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. पाहू दे. तिनं डोळे मिटले आणि अंगठा खांद्याच्या गोलाईवर टेकवला.

खांदा जागेवरच होता. पण मागच्या बाजूला, जिथे स्नायूची दोरी भरीव लागायला हवी, तिथे अंगठा खड्ड्यात गेला. खड्ड्याच्या कडेला गाठ. कठीण, जुनी. तिनं त्याचा दंड हळूच वर केला. काखेत डाग होता. निळा नव्हता, काळा नव्हता. पिवळा पडला होता, कडेनं हिरवट. मुका मार पिवळा पडायला किती दिवस लागतात हे तिच्याइतकं त्या गल्लीत कोणाला ठाऊक?

"हे आजचं नाही," ती म्हणाली. मग लग्नापासून पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली. "जवाईबापू. हे कधीचं?"

"आठ-दहा रोज."

"चमकत होतं?"

त्यानं मान हलवली.

"मंग आंबलं काहून सांगतलं? दोनदा विचारलं म्या! काहून?"

कळ ओसरल्यावर ताराचंद आढ्याकडे पाहत म्हणाला, "चमकलं म्हटलं असतं तं निजा लागलं असतं, मामी. अन् निजलो असतो तं तुमी पुन्हा लाडू वाटले असते."

प्रयागबाईचा अंगठा तसाच त्या खड्ड्यात होता.

वस्ताद पुढे गावभर सांगत फिरला, पोराला नजर लागली म्हणून. त्याची अक्कल त्यालाच लखलाभ. पण त्याला शिव्या घालताना प्रयागबाईच्या आवाजात पूर्वीचा जोर नसे. वस्तादानं खांदा तोडला खरा, पण पोराच्या तोंडाला कुलूप कोणी घातलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हात बांधला, शेकला. दसरा गेला, दिवाळी गेली. थंडीत एका सकाळी ताराचंद मागाच्या खड्ड्यात जाऊन बसला. हात कानाच्या वर जात नव्हता. लुगड्याच्या रुंद पन्ह्यावर धोटा टाकणं आता या जन्मी जमणार नव्हतं. ते त्याला माहीत होतं, गोपिकेलाही. त्यानं अरुंद पंच्याचा ताणा लावला होता. गोपिका शेजारी बसून कांड्या भरत होती. खट. मग बराच वेळ काही नाही. मग खट.

प्रयागबाई दारात आली. बकरी मागे होती, पण आज तिच्याशी काही काम नव्हतं.

"जवाईबापू," ती म्हणाली, "आंबलं का चमकलं?"

त्यानं वर पाहिलं.

"सांगा. मी हासत नाही."

धोटा त्याच्या हातात होता. त्यानं तो खाली ठेवला.

"चमकलं," तो म्हणाला.

"मंग निजा," प्रयागबाई म्हणाली, आणि आत जाऊन तिनं स्वतः बाज घातली.