उत्तराताईंची रशियन

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये उत्तराताईंना सगळे 'रशियनवाली मॅडम' म्हणत. पुण्यात हौसेने शिकलेल्या त्या भाषेने त्यांना दिल्लीत संरक्षण खात्यात नोकरी दिली होती. सोव्हिएत इंजिनीअर बोलणी करायला आले की उत्तराताई दुभाषी. दुभाष्याने समोरच्याचं म्हणणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. "मी विमानांचे सुटे भाग वेळेवर पाठवतो," असं त्या इतक्यांदा बोलल्या होत्या, की ती माणसं त्यांना घरचीच वाटत.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला. सुटे भाग बनवणारा कारखाना होता तिथेच राहिला, पण देश बदलला. टेलेक्सला उत्तर येईना. पुढच्या हिवाळ्यात कीव्हहून एक इंजिनीअर बाई आल्या.

"आपण जुने मित्र," खात्याचे साहेब म्हणाले, "पूर्वीसारखंच चालू ठेवू."

त्यावर बाई जे बोलल्या, ते उत्तराताईंना 'मी' म्हणूनच सांगावं लागलं. "तुमची मैत्री ज्याच्याशी होती, तो माझा देश आता नाही. मी नव्या देशातर्फे आले आहे. आपल्याला पहिल्यापासून बोलावं लागेल."

घरी आल्यावर यजमानांनी, दीनानाथांनी, विचारलं, "आपण पहिल्यापासूनच अमेरिकेच्या गोटात गेलो असतो तर?"

"तिथेही एकाच दाराशी उभे राहिलो असतो," त्या म्हणाल्या. "मैत्री चुकली नाही हो. सगळं एकाच घरून आणत राहिलो, ते चुकलं."

बोलणी दोन वर्षं चालली. काही माल आला, काही इथेच बनवायला घेतला, काही कधीच आला नाही. दरम्यान उत्तराताईंनी चिनी भाषेचा वर्ग लावला.

"आई, यार, आता चायनीज?" मुलगी मयुरा हसली.

"शेजारी आहेत ते. आणि रशियन सोडतेय कुठे!"

पुढे मयुरा लग्न होऊन गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेली. जावई अनिश अमेरिकन कंपनीत. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "आता अमेरिका आपल्याला जवळ करतेय. बाकीच्यांना टाटा करायचा."

"अमेरिकेशी दोस्ती बिल्कुल करा, अनिशराव. पण ते जवळ करतात ते त्यांच्या गरजेने. आपली गरज काय, हे आपण आधी ठरवलेलं बरं."

"म्हणजे पुन्हा ती जुनी अलिप्तता, कुणाचेच नाही?"

"सगळ्यांशी बोलत राहायचं. सोपं नाही ते. दोन्हीकडून बोलणी खावी लागतात."

अनिशला ते पटलं नाही. पानं उचलली तरी दोघं हटेनात, तेव्हा मयुराने त्यांना बाल्कनीत पिटाळलं. तिथे थंडीतल्या उन्हात इराण, जपान, फ्रान्स असा एकेक देश घेऊन सासू-जावई चहा येईपर्यंत भांडत बसले.