वहिनींचं ग्राइंडर

सातपूरच्या कारखाने-वसाहतीतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळेच शेडला कुलूप लावायचे. वहिनी मात्र त्याआधी ग्राइंडरचं लोखंडी हातचाक सोडवायच्या, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायच्या आणि पिशवीत घालून बसने घरी घेऊन जायच्या. कंडक्टरने एकदा विचारलं, "मावशी, एवढं जड काय हाय?" तर न अडखळता म्हणाल्या, "भोपळा." मी त्यांना म्हणायचो, अहो वहिनी, ते मशीन वर्षानुवर्षं बंद आहे, कोण नेतंय? त्यावर उत्तर ठरलेलं. "बंद हाय म्हणूनच तर. बंद पडलेल्या वस्तूवर सगळ्यांचा डोळा असतो, भाऊ."

मशीन त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे दादांनी, मुंबईच्या एका बुडालेल्या कारखान्यातून आणलं होतं. सरफेस ग्राइंडर. लोखंडाचा तुकडा त्याच्या टेबलावर धरायचा, टेबल मागेपुढे सरकवायचं आणि वर फिरणाऱ्या दगडी चाकाने तो आरशासारखा सपाट करायचा. आणलं तेव्हाच ते जुनाट होतं. बनवणारी विलायती कंपनीसुद्धा उरली नव्हती, मग सुटे भाग कुठले मिळायला! दादा ते हळूहळू उभं करणार होते, पण त्याआधी स्वतःच अचानक गेले. ग्राइंडरवर ताडपत्री पडली. त्याच शेडच्या अर्ध्या भागात भाड्याने माझं लोखंड कातायचं मशीन, लेथ, होतं. आता बाई सगळं विकून सायखेड्याला माहेरी जाणार, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एका सकाळी वहिनी आल्या, ताडपत्री काढली, स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसल्या. त्या उठल्याच नाहीत म्हणा ना.

त्यांच्या संशयातून मीही सुटलो नव्हतो. जेवायच्या सुट्टीत त्या काडीने माझ्या लेथखालचा लोखंडाचा कीस उकरून बघायच्या, आपला एखादा बोल्ट त्यात गेलाय का म्हणून. मला राग यायचा. एकदा मी चिडून म्हणालो, "वहिनी, माझे खिसे पण तपासा." त्यांनी शांतपणे विचारलं, "कंच्या वेळी?"

पण त्यांना घाबरायला कारण होतं. शेडची जागा दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंतराव, अशा दोघांच्या नावावर होती. वसंतराव शहरात कारकून. सरळ माणूस, बोलायला मऊ. त्यांनी वहिनींना सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत ग्राइंडर चाललं तर शेड तुम्ही चालवा. नाही तर विकू, आणि आपापलं बघू." मला हे रास्तच वाटलं. वहिनींना त्यात डाव दिसला. "भाऊजी गोड बोलतात ना, तिथंच मी सावध होते," त्या म्हणायच्या. शेड गेली तर भावाच्या दारात जाऊन राहायचं, एवढाच रस्ता त्यांना उरत होता. "भावजयीच्या हातची भाकरी मला गिळायची नाय." हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या की मलाही दिवाळीची धास्ती वाटायला लागली.

कारागीर येऊन गेले. प्रत्येकाने मशीनभोवती फेरी मारली, टेबल हलवून बघितलं आणि भंगारात काढायचा सल्ला दिला. वहिनी प्रत्येकाला विचारायच्या, "भंगारवाला तुमचा कोण लागतो?" एकजण खरोखरच गडबडला. त्याचा मेव्हणा निघाला. त्या दिवसापासून वहिनींच्या संशयाला गल्लीत जरा मान मिळाला.

शेवटी दुरुस्तीचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मशीनच्या ज्या पट्ट्यांवरून टेबल सरकतं त्या मध्ये झिजल्या होत्या, आणि त्या हातानेच तासून सरळ करायला हव्या होत्या. सरळपट्टीला, म्हणजे बिनचूक सपाट अशा एका लोखंडी पट्टीला, पातळ निळा रंग लावायचा आणि ती पट्ट्यांवर घासायची. जिथे निळा डाग उठेल तो भाग उंच. जुन्या कानशीपासून बनवलेल्या तासणीने तो खरवडायचा, पुसायचं आणि पुन्हा रंग लावायचा. दुसरा कुणी चार दिवसांत कंटाळून पळाला असता. वहिनींनी मला तासताना बघितलं, मग तासणी माझ्या हातातून घेतली. डाग उठला की विचारायच्या, "हा खरा कशावरून?" मग सरळपट्टी उलटी फिरवून पुन्हा घासून बघायच्या. लोखंडावरही ज्यांचा विश्वास नाही त्यांच्या हातून काम कच्चं राहणार कसं? पावसाळाभर बाई तासत होत्या. नवरात्रापर्यंत टेबल एका बोटाने सरकायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी पेढे आणले. त्यांनी आधी मला एक खायला लावला.

खंडेनवमीला त्यांना सायखेड्याला जावं लागलं, माहेरी घट होते. जाताना त्यांनी मशीनला तेल लावलं, ताडपत्री घातली, दोरीला आपली गाठ मारली आणि हातचाक बरोबर नेलं. दसऱ्यानंतर मशीन सुरू करायचं ठरलं होतं. परत आल्या आणि दारातच थांबल्या.

"ही गाठ माझी नाय."

पहिला नंबर अर्थातच माझा लागला. मी देवाची शपथ घेतली. वहिनींनी हातचाक बसवून टेबल सरकवलं आणि करकर आवाज आला. आम्ही दोघांनी टेबल उचललं. त्यांनी तासलेल्या पट्ट्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे उठले होते, आणि तेलात बारीक वाळू चमकत होती.

वहिनी रडल्या नाहीत. "बोलावून आणा," एवढंच म्हणाल्या. आम्हा दोघांखेरीज शेडची किल्ली फक्त वसंतरावांकडे होती. मीही मनात म्हटलं, शेवटी जागेपायी माणूस घसरलाच.

वसंतराव आले. वहिनींनी वाळूने भरलेलं बोट त्यांच्यापुढे धरलं. "दिवाळीपातुर दम निघाला नाय का भाऊजी?"

आधी त्यांना कळेचना. मग त्यांनी ती वाळू चिमटीत घेऊन बघितली. "रांगोळी आहे ती वहिनी. मी काढली होती."

दादा असताना नवमीला मशीनची पूजा दादा करायचे आणि टेबलावर रांगोळी काढायचा मान धाकट्या भावाचा असायचा. वहिनी गावाला गेल्यात, पूजा चुकायला नको, म्हणून वसंतराव पहाटेच, मी यायच्या आधी, येऊन पूजा करून गेले होते. रांगोळी बाजारातली, रंगीत, निम्मी वाळूच.

"मग पुसली कशाला?" मी विचारलं. "तशीच दिसली असती तर आम्ही जपून काढली असती."

ते वहिनींकडे न बघता म्हणाले, "मी येऊन गेलो हे यांना कळलं असतं तर काय वाटलं असतं? घाईघाईत हातानेच लोटली. खाली पडेल असं वाटलं."

ती फटीतून थेट पट्ट्यांवर गेली होती. वहिनींनी त्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. त्या उठल्या, दगडी चाकावरचं झाकण उघडून आत डोकावल्या. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कुंकवाचं बोट होतं आणि त्याला चिकटलेल्या अक्षता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तासणी द्या." वसंतरावांना त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

दिवाळीच्या तोंडावर ग्राइंडर चाललं. वसंतरावांनी पहिला तुकडा हातात घेऊन बघितला, म्हणाले, "शेड तुमचीच आता," आणि कागदावर सहीसुद्धा करून दिली. ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "इतक्या सहज? काहीतरी असंल." मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो.

पुढल्या खंडेनवमीला त्यांनी स्वतः जाऊन वसंतरावांना बोलावलं. ते आले, चपला काढल्या आणि दाराबाहेरच उभे राहिले.

"आत या ना भाऊजी. सगळी तयारी हाय," वहिनी म्हणाल्या.

"नको वहिनी. इथूनच नमस्कार करतो."

"मी म्हणते ना, या."

त्यांनी हात जोडले, मशीनकडे बघितलं आणि निघाले. रागावलेले अजिबात दिसत नव्हते, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. पुढे वहिनींनी त्या ग्राइंडरवर ऐंशीचं दशक निभावून नेलं, गल्लीत नाव कमावलं. दर नवमीला बोलावणं जायचं, दर नवमीला वसंतराव यायचे आणि दारातूनच परत जायचे. वहिनी गेल्या त्या वर्षीही ते तसेच येऊन गेले होते. त्यांची पाठ वळली की वहिनी पूजेचं ताट माझ्या हातात द्यायच्या आणि तोंड फिरवून म्हणायच्या, "भाऊ, तुम्हीच लावा कुंकू. भाऊजी असे दारातून गेले की माझा हात धजत नाय."