मागच्या डाव्या कोपऱ्यातला आवाज

"आवाज हाय म्हणूनच आलो ना, मच्छूभाऊ? तुझ्या दारात येऊन बोंबलायची हौस हाय व्हय मला?"

"आन् सकाळी मी तीनदा फिरवून आणली, त्याचं काय? पार पुलापर्यंत. कुठं काय न्हाई. तुझ्या कानात वाजतंय."

"कानात? खड्ड्यात उतरली की कुंईईई, वर आली की कट्ट! हे कानातलं हाय?"

"माझ्या हातचं काम परत येत न्हाई, सोपान."

"मग ही दारात काय उभी हाय, म्हैस?"

जीपमधली माणसं खो खो हसली. घोडेगावचा बाजार उरकून आहुप्याला परत निघालेली चौदा माणसं होती, शिवाय त्यांची गाठोडी. सोपानने गाडी परस्पर गॅरेजकडे वळवली म्हणून आधी ती कुरकुरत होती. आता तमाशा फुकट मिळाल्यावर कुणाला घाई राहिली नव्हती.

मच्छिंद्र हसला नाही. आठच दिवसांपूर्वी त्याने या जीपच्या मागच्या पाट्यांच्या, म्हणजे ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगांच्या, सांध्यात नवे रबरी बुश घातले होते. अठरा वर्षांत त्याने केलेली एकही गाडी त्याच कामासाठी परत आली नव्हती, आणि हे तालुक्याला ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सांगत असे. लग्नाच्या पंगतीत कुणी लापशीला बरं म्हटलं, की हा क्लच प्लेटीवर यायचा. त्याचा बाप यमाजी मेंढरांमागं चालून म्हातारा झाला. मच्छिंद्र पंधराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि कळपाकडे फिरकला नाही. पुढे नारायणगावात एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला. मिस्त्री चूक दिसली की पाना फेकून मारायचा. कपाळावरची खूण त्याच काळातली. ती कुणी विचारली की मच्छिंद्र म्हणायचा, "मेंढ्यानं ढुशी दिली व्हती."

"रिकामी फिरवलीस ना रं, बाबा?"

मागच्या डाव्या कोपऱ्यातून ठकूबाई बोलली. मांडीवर हिरड्याचं रिकामं पोतं घडी घालून ठेवलेलं. दर बाजाराला येता-जाता तिची जागा तीच, चाकाच्या वर.

"आजी, तुमी बसा गप. गाडीतलं तुमाला काय कळतंय?"

"गाडीतलं न्हाई कळत. पर बुडाखालचं कळतंय की! रिकामी कशाला वरडंल ती? आमी सगळी बसलो म्हंजी वरडती. सोपान म्होरं बसतो, त्याला निम्मंच ऐकू येतं. हितं येऊन बस माझ्या जागंवर."

"जा की, जावयासारखा बस!" कुणीतरी आतून ओरडलं.

मच्छिंद्रने हात पुसले. पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं. ठकूबाई उतरली आणि तो गुडघे दुमडून वांग्यांची टोपली आणि बांगड्यांची टोपली घेतलेल्या दोन बायांच्या मधोमध बसला. तळवा त्याने फळीवर टेकवला. सोपानने गाडी हळू रस्त्यावर काढली.

पहिल्याच खड्ड्यात तळव्याखाली काहीतरी पिळलं. कुंईईई. गाडी वर आली. कट्ट.

कुणी हसलं नाही. सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

परतेपर्यंत त्याला सगळं आठवलं होतं. त्या दिवशी गाडी जॅकवर होती, चाकं लोंबकळत होती, आणि दोन गिऱ्हाइकं बाकावर बसून चहा पीत होती. तो खालून त्यांना सांगत होता, अठरा वर्षं झाली, एक काम परत आलं नाही. सांगता सांगता हात जुन्या सवयीने चालत राहिले. जुन्या जीपगाड्यांचे बुश ग्रीस भरायचे, लोखंडी. ते लोंबत्या चाकांवर आवळले तरी चालायचं. रबराचं तसं नाही. चाकं जमिनीला टेकवून, गाडीचं वजन खाली बसवून मगच नट आवळायचा, नाहीतर वजन आलं की रबर पिळून राहतं आणि रडतं. हे त्याला ठाऊक होतं. त्यानेच चार जणांना शिकवलं होतं.

तो पाना घेऊन गाडीखाली सरकला.

"उतरू का आमी?" बांगड्यांची बाई.

"न्हाई. बसा सगळी. ठकूबाई, तुमीबी चढा."

चौदा माणसांचं ओझं डोक्यावर घेऊन त्याने नट ढिला केला. पाट्याने टक्कन अंग सोडलं, गाडी बोटभर खाली बसली. आतल्या बायांनी "आगं आई" केलं. त्याने नट पुन्हा आवळला. मग दुसऱ्या बाजूचाही. पाव तास लागला नाही.

सोपान पुलापर्यंत जाऊन आला. तीन खड्डे मुद्दाम घेतले. आवाज नाही. मागून ठकूबाई म्हणाली, "झोप यील आता."

सोपान खाली उतरला. राग निवळला होता. आहुप्याच्या वाटेवर धावणाऱ्या आणखी तीन जीपगाड्या त्याच्या भावकीच्या होत्या, त्या कुठल्या गॅरेजला न्यायच्या ते तोच ठरवायचा.

"कळलं मला, मच्छूभाऊ. रबर डुप्लिकेट निघालं. चांगदेवच्या दुकानातनं मीच आणलं व्हतं. आता जातो आन् त्याची चांगली काढतो. तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा न्हाई."

चांगदेवचं दुकान चौकातच होतं. मच्छिंद्रला फक्त मान हलवायची होती.

"रबर चांगलं हाय," तो म्हणाला.

"आं?"

"एक नंबर हाय. चांगदेवला काय बोलू नको."

"मग काय व्हतं ते? रबर चांगलं, गाडी तीच, रस्ता त्योच." सोपान बोटं दुमडून मोजायला लागला आणि अर्ध्यात थांबला. "मग चूक कुणाची म्हणायची, मच्छूभाऊ?"

ठकूबाईने मान बाहेर काढली.

मच्छिंद्रला फक्त 'माझी' म्हणायचं होतं. त्याने पाना बाकावर ठेवला, खुंटीवरची टोपी घेतली, आणि गॅरेज उघडंच टाकून, गाडीला वळसा घालून रस्त्यावर उतरून चालू लागला.