अमावस्येला बंद असलेली वेबसाइट

आमचं दुकान हैदराबादेत, कोठी भागात आहे. शस्त्रक्रियेची अवजारं विकतो. कात्र्या, चिमटे, सुया धरायची साधनं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी सुरू केलं, दादांनी वाढवलं. मी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करायचो आणि रविवारी दुकानाचे आकडे बघायचो. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. त्यांचं घर काचीगुड्यात, माझं विद्यानगरात.

दुकानाच्या मागच्या खोलीत, वरच्या फळीवर मालाचे खोके आणि खालच्या फळीवर एक कॉम्प्युटर होता. त्याला दादा ‘मशीन’ म्हणत. दुकानाची वेबसाइट त्यावरच चालायची, ईमेलही त्यातूनच यायचे-जायचे. पन्नाशीनंतर दादा हे सगळं शिकले. सकाळी आल्यावर ते आधी मशीनवरची धूळ पुसायचे, मग गल्ल्याला हात लावायचे. खंडेनवमीला कात्र्यांबरोबर मशीनलाही हळदकुंकू असायचं.

आणि अमावस्येला ते मशीन बंद करायचे.

वडिलांच्या वेळेपासून आमचं दुकान अमावस्येला बंद. हैदराबादेतल्या आमच्यासारख्या जुन्या दुकानदारांना यात काही विशेष वाटत नाही. दादांच्या दृष्टीने वेबसाइट म्हणजे दुकानच. शटर खाली असताना ती उघडी ठेवायची हे त्यांना पटायचं नाही. आदल्या संध्याकाळी बटण दाबून ते घरी जायचे. नांदेड, उदगीर, परभणीकडच्या जुन्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं. त्या दिवशी पान उघडलं नाही की ते समजायचे, आज अमावस्या. उदगीरचे एक म्हातारे डॉक्टर तर म्हणायचे, "आम्ही पंचांग घेणं बंद केलंय. तुमची वेबसाइट बघतो."

आई गेली तेव्हा दादा दवाखान्यातून सरळ दुकानात आले, मशीन बंद केलं आणि मग शटर ओढलं. सुतकात दुकान चालू ठेवायचं नव्हतं. आम्ही अजून नातेवाइकांनाही कळवलं नव्हतं, तेवढ्यात दादांचा फोन वाजला. उदगीरचे डॉक्टर होते. "आज अमावस्या नाही. मग बंद का? घरी सगळे बरे आहेत ना?" दादांनी फोन माझ्यापुढे धरला. आई गेल्याचं मी सांगितलं.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र गिऱ्हाईक बदललं. मोठ्या इस्पितळांच्या खरेदी विभागांतून विचारणा येऊ लागल्या. त्यांना अमावस्या माहीत नव्हती. अशाच एका ठिकाणाहून आलेला ईमेल आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोचला आणि आम्ही उत्तर दिलं तेव्हा मुदत संपली होती. त्यांनी लिहिलं, वेबसाइट उघडली नाही, फर्म बंद झाली असं समजून मागणी दुसरीकडे दिली. वीज जायची ती वेगळीच. बॅटरी थकली होती. 

मी माझ्या सवयीप्रमाणे तक्ता मांडला. पहिला पर्याय, मशीन इथेच ठेवायचं, पण नवी बॅटरी आणि इंटरनेटची दुसरी लाइन घ्यायची. दुसरा, एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट असतात तिथे जागा घ्यायची. स्वस्त, पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपणही मंदावतो. तिसरा, दूरच्या डेटा सेंटरमध्ये स्वतंत्र छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि ईमेल दुसऱ्या कंपनीकडे ठेवायचा, म्हणजे एक पडलं तरी दुसरं उभं राहील. प्रत्येकापुढे वर्षातून किती वेळ बंद राहील ते लिहिलं. तिसऱ्याची हमी नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्क्यांची होती, म्हणजे वर्षात नऊ तासांहूनही कमी. आमचं मशीन अमावस्या आणि वीज धरून शहाण्णव टक्क्यांवर येत होतं.

दादांनी चष्मा वर करून आकडा वाचला. "शहाण्णव? मला शाळेत शहाण्णव पडले असते तर अण्णांनी अख्ख्या काचीगुड्यात पेढे वाटले असते."

"दादा, यात शहाण्णव म्हणजे नापास."

"हौ. आता सगळ्यातच तसंय."

मशीन बघायला एक तेलुगू इंजिनिअर आला होता. आमच्याशी दखनीत बोलायचा. मशीनचं झाकण उघडून त्याने आतली धूळ पाहिली. "साब, इस मशीन कू अब आराम देओ."

"हर अमावस कू देताइच हूँ," दादा म्हणाले.

तो हसला. मग दादांनी विचारलं, नव्या सर्व्हरला महिन्यातून एक दिवस सुट्टी देता येईल का. त्याला वाटलं, ही पण गंमतच. "साब, वो तो कभी बंद नहीं होने का पैसा लेते."

 दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा तक्ता बरोबर आहे. तिसरंच घे. पण मग मी सकाळी येऊन काय पुसू?"

 त्यांचं काहीतरी त्यात राहावं म्हणून मी म्हटलं, ऑर्डर आली की आपोआप जाणारं उत्तर तुम्हीच सांगा, तुमच्या नावाने जाईल.  दादांनी सांगितलं, "लिही. तुमची मागणी मिळाली. माल मी स्वतः बघून पाठवीन."

ते खरंही होतं. प्रत्येक कात्री ते ओल्या गॉजवर, जखमेला लावतात त्या जाळीदार कापडावर, चालवून बघायचे. टोकापर्यंत गॉज स्वच्छ कापलं गेलं तरच ती डब्यात जायची.

वेबसाइट हलवली. मोठ्या इस्पितळांच्या विचारणा वेळेवर मिळू लागल्या, मागण्या वाढल्या. ती निवड चुकली असं मला आजही वाटत नाही. जुनं मशीन तिथेच फळीवर राहिलं. दादा ते पुसायचे. एकदा वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, हल्ली अमावस्येला हे घरी बसून फोनवर ती वेबसाइट उघडून बघतात. चालू दिसली की फोन पालथा घालतात."

पावसाळा संपता संपता दादांना झटका आला. दवाखान्यात दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मी काचीगुड्याहून कोठीला गेलो, शटर ओढलं, कुलूप लावलं. बाजूच्या दुकानदारांनी विचारलं, त्यांना सांगितलं. दुकान बंद झालं असं मी समजलो.

तेरावा झाल्यावर दुकान उघडलं आणि ईमेल वाचायला बसलो. उदगीरच्या डॉक्टरांची मागणी होती, दादा गेले त्याच संध्याकाळची. शेवटी लिहिलं होतं, ‘दादा, मागच्यासारख्या कात्र्या निवडून द्या. सून आता प्रॅक्टिस बघते, तिच्या हाताला हलक्या लागतात.’ खाली आमचं उत्तर, त्याच मिनिटाचं. तुमची मागणी मिळाली. माल मी स्वतः बघून पाठवीन. आणि दादांचं नाव.

त्या वेळी आम्ही अंबरपेटच्या स्मशानातून परतत होतो.

मी डबा काढला, गॉज ओलं केलं. हलक्या कात्र्या वेगळ्या करून एकेक चालवून बघितली. दादांना नुसत्या आवाजावरून कळायचं. मला प्रत्येक वेळी गॉज खिडकीशी धरून बघावं लागलं. दोन नीट कापेनात, त्या बाजूला काढल्या. मग उदगीरला फोन लावला.

दादा गेल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पण त्यांचं उत्तर आलं होतं हो मला."

"ते आपोआप जातं, डॉक्टरसाहेब."

"बंद दिसली असती तर मी फोन केला असता. बसमध्ये बसून आलो असतो. मी तर रोज बघत होतो. चालू होती. म्हटलं, दादा मजेत आहेत."

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशीसुद्धा चालूच होती?"

"हो वहिनी."

महिन्याच्या शेवटी सर्व्हर कंपनीचा अहवाल आला. त्या महिन्यात वेबसाइट शंभर टक्के चालू होती. असा आकडा यापूर्वी आम्हाला कधी मिळाला नव्हता.

मी इंजिनिअरला बोलावलं. दादांच्या नावाचं उत्तर काढून टाकायला सांगितलं आणि वेबसाइट बंद करायचं एक बटण माझ्या फोनमध्ये करून मागितलं. "आज दुकान बंद आहे" एवढी एक ओळ दिसावी, बाकी काही नको. या वेळी तो हसला नाही. मागच्या अमावस्येला मी ते पहिल्यांदा दाबलं. कोणाचा फोन आला नाही. अमावस्येला येतही नसे.

तेच बटण मी बायकोच्या फोनमध्येही घालून घेतलं आणि कसं दाबायचं ते तिला दाखवलं. ती म्हणाली, "मला कशाला शिकवताय? दुकान तर आता तुम्ही बघता."

मी म्हटलं, "अमावस्येसाठी."